'बिल' की 'बील'? इंग्रजीतल्या ऱ्हस्व स्वरांविषयी

प्रश्न : पाचवीतली मुलगी जहाज आणि मेंढी दोन्हींना 'शीप'च म्हणते. काय करावं?

दोष तिच्या कानाचा नाही, मराठी सवयीचा आहे. मीठ, फूल, वकील अशा शब्दांत शेवटच्या अक्षराआधीची वेलांटी किंवा उकार आपण दीर्घच म्हणतो. म्हणून तर दुकानात 'बील' मिळतं आणि कागदाला 'पीन' लागते!

तिला नुसतं 'पटकन म्हण' सांगून भागणार नाही. 'सीट'मधला दीर्घ स्वर पुढच्या ट-मुळे आखडतो, 'किड'मधला ऱ्हस्व स्वर ड-मुळे लांबतो. दोन्हींना लागणारा वेळ जवळजवळ सारखाच. खरा फरक जिभेचा आहे. 'शीप' म्हणताना ओठ ताणलेले असतात आणि जीभ टाळूजवळ. जीभ किंचित खाली-मागे घेऊन सैल सोडली, ओठांचा ताण काढला, की 'शिप'. हे आरशासमोर करून घ्या. मग तुम्ही पाठमोरे उभे राहून दोन्हींतला एक शब्द म्हणा, तिने योग्य चित्रावर बोट ठेवायचं. ऐकून ओळखता येऊ लागलं की मगच बोलण्याचा सराव. पुढच्या जोड्या : सिट-सीट, फिल-फील, लिव्ह-लीव्ह.

प्रश्न : लेखणी आणि वेदना, दोन्हींना 'पेन'च ना?

देवनागरीत तसं लिहितो, तिथेच फसतो. वेदनेचा स्वर 'ए'कडून 'इ'कडे सरकतो, साधारण 'पेइन'. लेखणीचा स्वर जागचा हलत नाही, आणि मराठी 'ए'पेक्षा त्याला तोंड जरा जास्त उघडतं. हनुवटीखाली बोट धरून 'बिट, बेट, बॅट' म्हणा. प्रत्येक शब्दाला हनुवटी खाली जायला हवी. शेवटच्या दोन शब्दांत बोट हललं नाही, तर तुमचे 'बेड' आणि 'बॅड'ही एकच होत असणार.

प्रश्न : स्पेलिंगवरून ऱ्हस्व स्वर ओळखता येतो का?

बऱ्याचदा. दोन व्यंजनांमध्ये एकच स्वराक्षर असेल तर तो ऱ्हस्व : कॅट, पिन, हॉट, कप. शेवटी मुका ई आला की 'पिन'चा 'पाइन' होतो. 'डिनर'मध्ये एन दोन असतात ते याचसाठी. एकच ठेवला तर 'डायनर'.

अपवाद मात्र रोजच्या शब्दांतच. 'ब्रेड', 'हेड'मध्ये ई-ए. 'मनी', 'मंकी'त ओ लिहून 'अ' म्हणायचं. 'बिझी'तल्या यूचा उच्चार चक्क 'इ'. दोन ओ तर 'बुक'मध्ये ऱ्हस्व, 'फूड'मध्ये दीर्घ आणि 'ब्लड'मध्ये 'अ'! इथे नियम शोधण्यात वेळ घालवू नका, शब्दकोशातला उच्चार बघा. ब्रिटिश शब्दकोशांत 'शीप'सारख्या दीर्घ स्वरापुढे विसर्गासारखी दोन टिंबं असतात, 'शिप'पुढे नसतात.