भजन थांबवू नका

वडील जाऊन नऊ दिवस झाले. गावातलं भजनी मंडळ रोज संध्याकाळी तुमच्या अंगणात येतं आणि दोन तास टाळ-मृदंग चालतो. तुमचं डोकं उठतं, त्यात सतरंज्या टाकायच्या, आल्यागेल्याचं बघायचं. आईला शांतता हवी म्हणून उद्यापासून मंडळाला नको सांगायचं आणि मोबाइलवर अभंग लावून ठेवायचे, असं तुम्ही ठरवलंय. माझा फक्त होकार हवाय. तो मिळणार नाही.

सतरंज्यांच्या तक्रारीतच तुम्ही लिहून गेलात, "आई दिवसभर कुणाशी बोलत नाही, भजनात तेवढी टाळ्या वाजवत बसते." अहो, एवढं लिहून तुम्ही पुढच्या तक्रारीकडे वळलात कशा? शांतता आईला दिवसभर आहेच. त्या शांततेत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही.

वारकरी भजनात एकजण चाल म्हणतो, धृपद सगळे उचलतात. ज्याला सूर नाही तो टाळी धरतो. गाणाऱ्याचा गळा दाटला तरी अभंग अडत नाही, बाकीचे टाळकरी ओळ पुढे नेतात आणि तेवढ्यात त्याला रडून घेता येतं. मोबाइल कुणासाठी थांबणार? त्याला आईच्या टाळीची गरजच नाही. मंडळाला आहे. तुमचे वडील त्यांच्यातच बसून गायचे, म्हणजे त्यांचाही माणूस गेलाय.

ज्ञानेश्वरांनी 1296 साली आळंदीला समाधी घेतली. त्या वियोगाचे नामदेवांचे अभंग आहेत. त्यांत थोरले भाऊ आणि गुरू असलेल्या निवृत्तीनाथांचाही धीर सुटतो. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधीचं कीर्तन होतं, तेव्हा आजही ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांना धार लागते. आपल्याकडे इतकी शतकं माणसं अशी एकत्र बसून रडत आली आहेत आणि तुम्ही आईला खोलीत एकटीला बसवायला निघालात!

तुम्ही स्वतः भजनाला किती वेळा बसलात, हे पत्रात कुठेच नाही. मला वाटतं, एकदाही नाही. सतरंज्या मंडळातली पोरं टाकतील, त्यांना सांगा. आज आईच्या शेजारी बसा, टाळी धरा आणि शेवटचा अभंग होईपर्यंत उठू नका, आतून कुणी हाक मारली तरीही.