कार्डांची थकबाकी: कर्जमुक्ती कंपनी की दागिन्यांवर कर्ज?

प्रश्न: आम्ही घणसोलीत भाड्याने राहतो. महापेला नोकरी, हातात येणारा पगार ७४ हजार. पत्नी खासगी शाळेत शिकवते, तिचे २२ हजार. भाडे २१ हजार. मुलाची फी, रेल्वेचा पास धरून घरखर्च ३६ हजार. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून २.८० लाख (महिना साडेतीन टक्के), पर्सनल लोनचे ३.६० लाख (१६ टक्के, ३४ हप्ते, प्रत्येकी १३,२४० रुपये) आणि ॲपवरची दोन कर्जे ६० हजार (९ महिने, मिळून ७,५३० रुपये). आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. एक कर्जमुक्ती कंपनी म्हणते, सगळे भरणे थांबवा, दोन वर्षांत निम्म्यात मिटवून देतो. फी महिना ४ हजार, शिवाय माफ होणाऱ्या रकमेच्या १५ टक्के, वर जीएसटी. पत्नीचे ९० ग्रॅम दागिने आहेत, ते मोडायचे नाहीत. तीन वर्षांत सिडकोच्या सोडतीत घर घ्यायचे आहे. काय करावे?

उत्तर: कंपनीकडे जाऊ नका. दागिने मोडूही नका. त्यांच्यातल्या काहींवर कर्ज काढून दोन्ही कार्डे एकदमच शून्यावर आणा आणि बाकीचे हप्ते आहेत तसे चालू ठेवा.

घरात ९६ हजार येतात, भाडे आणि खर्च जाऊन ३९ हजार उरतात. कार्डांचे किमान देय साधारण १४ हजार, लोन आणि ॲपचे मिळून २०,७७०. म्हणजे ३४,७७० जातात आणि हाती चार हजार राहतात. ओढाताण आहे, पण तुम्ही बुडालेले नाही, आणि सेटलमेंट (बँकेशी तडजोड करून कमी रकमेत कर्ज मिटवणे) हा बुडालेल्यांचा मार्ग आहे.

दुखणे कार्डांत आहे. २.८० लाखांवर महिन्याचे व्याज ९,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,७६४, एकूण ११,५६४. तुम्ही १४ हजार भरता तेव्हा मुद्दल जेमतेम २,४०० रुपयांनी उतरते. शिवाय मागची बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीला व्याजमुक्त मुदत मिळत नाही, म्हणजे कार्डावर घेतलेल्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून तोच दर लागतो.

आता कंपनीचे ‘निम्म्यात’ तपासू. ७ लाखांचे साडेतीन लाख झाले असे धरा. चोवीस महिन्यांचे ९६ हजार, माफीवरचे ५२,५००, त्यावर जीएसटी: फीच १ लाख ७५ हजार. म्हणजे निम्म्याचे झाले सव्वापाच लाख. आणि ते ‘निम्मे’ आजच्या बाकीचे नसते; सेटलमेंटच्या दिवशी बँक जी बाकी दाखवेल तिचे असते. कार्डाची बाकी जीएसटीसह महिना ४.१३ टक्क्यांनी वाढते. बारा महिने काहीच भरले नाही, तर २.८० लाखांचे साधारण ४.५५ लाख होतात, विलंब शुल्क वेगळे. त्याचे निम्मे म्हणजे २.२७ लाख, आजच्या बाकीच्या ८१ टक्के. सूट गेली कुठे?

बँक सेटलमेंटच्या गोष्टी बहुतेक वेळा खाते ९० दिवस थकून एनपीए (थकीत कर्ज) झाल्यावर करते. म्हणून कंपनीची पहिली अट भरणे थांबवण्याची. त्याचे परिणाम कंपनीला नाही, तुम्हाला सोसावे लागतात. पर्सनल लोनचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जात असेल आणि शिल्लक नसल्याने तो परतला, तर बाउन्सचा दंड लागतोच, पण पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली तो गुन्हाही ठरू शकतो, चेक न वटण्यासारखाच. कार्ड आणि पगाराचे खाते एकाच बँकेत असेल, तर थकलेली रक्कम त्या खात्यातून वळती करण्याचा हक्क बँक सांगू शकते. मिटल्यावर क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ हा शेरा वर्षानुवर्षे राहतो. सिडकोच्या सोडतीत नाव लागले की पैसे ठरलेल्या तारखांना भरावे लागतात, आणि ते गृहकर्जाशिवाय जमणार नाही. असा शेरा पाहून कर्ज नाकारणाऱ्या बँका पुष्कळ आहेत.

(‘डेट रिलीफ’ची बरीचशी भाषा अमेरिकेतून आली आहे. तिथे २०१० च्या नियमानुसार, फोनवरून अशी सेवा विकणाऱ्याला एखादे कर्ज प्रत्यक्ष मिटण्याआधी फी घेता येत नाही. तुमच्याकडे मात्र पहिल्या महिन्यापासून मागत आहेत.)

दागिन्यांवरचे कर्ज सरकारी किंवा चांगल्या सहकारी बँकेत साधारण १० टक्क्यांनी मिळाले असे धरू. २.८० लाखांचा २४ महिन्यांचा हप्ता १२,९२० रुपये पडतो. आज किमान देय म्हणून भरता त्याहून कमी, आणि दोन वर्षांत कर्ज संपते. पूर्ण मुदतीचे व्याज ३० हजार. कार्डांना तुम्ही एवढे तीन महिन्यांच्या आत देता. नऊ महिन्यांनी ॲपची कर्जे संपली की ते ७,५३० इकडे वळवा, साधारण १९ व्या महिन्यात दागिने घरी येतील. बँकेत जाताना एवढे पाहा: मासिक हप्त्याचेच कर्ज मागा. वर्षअखेरीस मुद्दल-व्याज एकदम फेडायचा प्रकार सोपा वाटतो, पण वर्षभरात पैसे साठत नाहीत, मग नूतनीकरण, पुन्हा नूतनीकरण, आणि शेवटी लिलावाची नोटीस. वजन खडे आणि दागिन्यांत भरलेली लाख वगळून धरतात, तेव्हा पावतीवर प्रत्येक नगाचे ढोबळ आणि निव्वळ वजन लिहून घ्या. सगळे ९० ग्रॅम ठेवू नका, रकमेला लागतील तेवढेच नग द्या. प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन शुल्क आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा आकार आधी विचारा, कारण आपण आधीच फेडणार आहोत. दागिने पत्नीचे, तेव्हा निर्णयही त्यांचाच. हे आकडे त्यांच्यासमोर ठेवून मगच जा.

त्यांनी नाही म्हटले, तर तुम्ही नोकरी करता तिथली पगारदार नोकरांची पतसंस्था पाहा, तुम्ही सभासद असाल तर. ११ टक्क्यांनी हाच हप्ता १३,०५० होतो, तोही चालेल. फक्त जामीनदार लागतात आणि तुम्ही थकलात तर वसुली त्यांच्या पगारातून होऊ शकते. ऑफिसातल्या दोघांना यात ओढायचे का, हे तुम्ही ठरवा. कार्डाची बाकी बँकेकडूनच हप्त्यांत करून घेणे हा तिसरा पर्याय; दर बहुधा याहून चढा, तरी ४२ टक्क्यांपेक्षा बरा.

पर्सनल लोनला हात लावू नका. मुदतपूर्व शुल्क ४ टक्के असेल तर जीएसटीसह १७ हजार जातात. ११ टक्क्यांवर नेऊन ३४ महिन्यांत हप्त्यातले २९ हजार वाचतील, म्हणजे निव्वळ फायदा बारा हजार. एवढ्यासाठी नवी कागदपत्रे नकोत.

कार्डे फेडताना स्टेटमेंटवरचा आकडा भरून मोकळे होऊ नका. स्टेटमेंटची तारीख आणि भरण्याची तारीख यांमधले व्याज पुढच्या महिन्यात येते. लोक ते पाहत नाहीत आणि दोन-अडीच हजारांवर पुन्हा विलंब शुल्क चढते. आजच्या तारखेची पूर्ण बाकी विचारून भरा आणि पुढचे स्टेटमेंट शून्य येईपर्यंत पाहा. मग दोन्हींपैकी नवे कार्ड लेखी अर्ज देऊन बंद करा. बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे, नंतर दिवसाला ५०० रुपये दंड तिला पडतो. जुने ठेवा, पण मर्यादा एका पगाराच्या निम्म्यावर आणून.

उद्या नोकरी गेली आणि हप्ते खरोखरच अशक्य झाले, तर सेटलमेंट तुम्ही स्वतः, फी न देता करू शकता. बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला कारण आणि देऊ शकाल ती रक्कम लिहा. पैसे भरण्याआधी लेटरहेडवर पत्र घ्या: खाते क्रमांक, रक्कम, शेवटची तारीख, ‘संपूर्ण व अंतिम’ हे शब्द. रक्कम कर्जखात्यातच भरा, वसुली एजंटच्या यूपीआयवर नाही. प्रकरण लोकअदालतीत आले तर तिथेही तडजोड होते आणि तो निवाडा अंतिम असतो. एजंटला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. नातेवाइकांना त्रास दिला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, त्याला पैसे पडत नाहीत.

कंपनीला ओळखपत्रांच्या प्रती किंवा अधिकारपत्र आधीच दिले असेल, तर या आठवड्यात ईमेलने ते रद्द करा आणि खात्यावर त्यांची आपोआप कपात सुरू असेल तर बँकेच्या ॲपमधून थांबवा.