चहात पुडी मिसळू का?

पत्र: ताई, तासगाव तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. नवरा 12 वर्षं पितोय, आता सकाळी उठल्याउठल्या लागते. सासूबाईंनी औदुंबरला नेऊन दत्ताच्या पायाशी शपथ घ्यायला लावली. दोन दिवस शिवले नाहीत. तिसऱ्या रात्री हात लटलटायला लागले, अंगावर मुंग्या चढल्या म्हणून ओरडले, मला ओळखेनात. सगळे म्हणाले, शपथ बाधली. शेवटी दिरानं क्वार्टर पाजली, तेव्हा शांत झाले. आता शेजारीण म्हणते, दारू सोडवायची पुडी मिळते, ती चहातून दे, त्यांना कळायचंही नाही. देऊ का?

उत्तर: नको गं, देऊ नकोस. त्या पुडीत काय आहे ते देणारीलाही ठाऊक नसतं. डायसल्फिरम हे दारू सोडवायचं औषध असलं आणि वर ते दारू प्यायले, तर दारूचं पचन मध्येच अडतं. तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. यात जीवही जाऊ शकतो. डॉक्टर हे औषध देतात, पण अंगातली दारू उतरल्यावर आणि पेशंटला सगळं सांगून.

आता त्या रात्रीचं. शपथ बाधली नाही आणि तुझा नवरा लबाडही नाही. दारू मेंदूला मंद करते. ती वर्षानुवर्षं रोज मिळाली की तोल सांभाळायला मेंदू स्वतःला जास्त चेतवून ठेवतो. ती एकदम तुटली की चेतलेला मेंदू आवरायला काही उरत नाही. पहिल्या दिवशी घाम, थरथर, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, नसलेलं दिसणं. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. म्हणून घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका, देवाच्या नावानं तर मुळीच नको. सासूबाईंना हे तू सांग, त्यांनी मायेपोटीच केलं.

मिरजेच्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात किंवा सांगली सिव्हिलला मनोविकार विभागात दोघं जा. ती रात्र डॉक्टरांना सगळ्यात आधी सांग. डॉक्टर वेगळं औषध देऊन, त्याचा डोस उतरवत दारू काढतात, सोबत बी-1 जीवनसत्त्व देतात. छाटणी उरकल्यावर बघू, असं करू नका. मधेच पुन्हा भ्रम किंवा फिट आली तर 108 ला फोन. घरातून बोलायचं असेल तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा, 14416, रात्रीसुद्धा, मराठीतून.

दारू उतरली म्हणजे सुटली नाही. पुढं कित्येक महिने समुपदेशन लागतं, अधूनमधून पाय घसरतो, तेव्हा पुन्हा दवाखान्यात जायचं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करतंय.

आणि तू. दुकानातली उधारी भागवणं, पाहुण्यांना 'आजारी आहेत' म्हणून सांगणं, हे आता थांबव. पिण्याचं कारण तू नाहीस, कोणी काहीही म्हणो. मारहाण होत असेल आणि लिहायला संकोच वाटला असेल, तर 181 या महिला हेल्पलाइनवर बोल. फवारणीची औषधं आजच कुलपात ठेव आणि किल्ली तुझ्याकडे. व्यसनात माणूस खचला की जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा धोका वाढतो.