दुकानात बसायचा म्हणजे नेमकं काय करायचा?

नमस्कार ताई,

पत्र मिळालं, सोबतचा सीव्हीपण बघितला, तीनच्या तीन पानं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, ताई कळव्याला खारेगावात राहतात, मुलगा बीकॉम, पाचव्या सेमला एका विषयात अडकला म्हणून एक वर्ष मागे पडला आणि 2025 ला सुटला. अकाउंट्सची नोकरी हवीय, ठाणे किंवा ऐरोली-महापे साइडला. चार महिन्यांत ऐंशी-पंच्याऐंशी ठिकाणी सीव्ही टाकलाय आणि फोन आला फक्त एक, तोही आधी अडीच हजार भरा मग जॉइनिंग लेटर देतो म्हणणाऱ्याचा. आता शेजारच्या कुणीतरी सांगितलंय की पाच हजारात दोन वर्षांच्या अनुभवाचं लेटर मिळतं, तर ते लावू का, असं ताई विचारतायत.

आधी लेटरचंच बोलू. नका लावू. कंपनी जरा बरी असेल तर जॉइन व्हायच्या आधी किंवा नंतर बॅकग्राउंड चेक होतो, त्यात पीएफचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर मागतात, सॅलरी स्लिप मागतात, पगार खात्यात आल्याचं स्टेटमेंट मागतात. लेटरवर दोन वर्षं आणि पीएफच्या रेकॉर्डला शून्य, मग तो काय सांगणार समोरच्याला? शिवाय लेटर 2023 पासूनचं असणार आणि पोरगा तेव्हा कॉलेजात होता हे त्याच सीव्हीच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय! आणि नोकरीसाठी पैसे मागणारा कुणीही असो, तो फोन तिथल्या तिथे ठेवायचा, त्यावर जास्त काही बोलत नाही.

आता सीव्ही. ताई रागावू नका पण हा सीव्ही नाही, हा स्थळाचा बायोडेटा आहे. उंची, वजन, वडील रिटायर्ड, एक बहीण विवाहित, धर्म, जात, फक्त रास आणि अपेक्षा तेवढ्या राहिल्यात. भोवती निळी बॉर्डर, कोपऱ्यात पासपोर्ट फोटो, वर ऑब्जेक्टिव्ह म्हणून तेच वाक्य जे ठाण्यातल्या प्रत्येक सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर सेव्ह करून ठेवलेलं असतं, की मला चॅलेंजिंग वातावरणात काम करून स्वतःची आणि कंपनीची प्रगती करायची आहे. मग हार्ड वर्किंग, पंक्च्युअल, टीम प्लेअर. शेवटी वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे, ठिकाण, तारीख, सही. ही सही कुणी मागितलेली नाही, सरकारी फॉर्ममध्ये डिक्लेरेशन असतं तिथून ती सवय लागलीय. आधार नंबर तर ताबडतोब काढा, ऐंशी अनोळखी लोकांकडे तो गेलाय हे मला अजिबात आवडलेलं नाही.

पण हे सगळं काढणं सोपंय, दहा मिनिटांचं काम. खरा घोळ दुसराच आहे. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, 'वर्षभर घरीच होता, मधे मधे मामाच्या दुकानात बसायचा'. सीव्हीत त्या दुकानाचं नावनिशाण नाही, अनुभव शब्दाच्या पुढे फ्रेशर लिहून मोकळे झालात. तुम्ही नंबर दिला होतात म्हणून मी चिरंजीवांनाच फोन लावला आणि विचारलं, दुकानात बसायचा म्हणजे नेमकं काय करायचा?

पहिली पाच मिनिटं 'काही नाही सर, असंच, बिलं वगैरे'. मग हळूहळू निघायला लागलं. जांभळी नाक्याला होलसेल धान्याचं दुकान, जुलै 2024 ते मे 2025 असे अकरा महिने, रोज सकाळी दहा ते चार, आणि हे तुमच्या भाषेत मधे मधे! टॅलीवर, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर, रोजची चाळीस-पन्नास बिलं तो मारायचा. उधारीची यादी आधी मामा वहीत ठेवायचे ती याने एक्सेलमध्ये घेतली, कुणाचे किती दिवसांपासून थकलेत ते वेगळं काढलं. मी म्हटलं जीएसटी कोण बघायचं, तर म्हणे सीए बघायचे, मी फक्त टू-बी मॅच करून द्यायचो.

फक्त!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दुकानदार माल घेतो तेव्हा त्यावर जो जीएसटी भरतो त्याचं क्रेडिट त्याला नंतर मिळतं, म्हणजे त्याने भरायच्या जीएसटीतून तेवढी रक्कम वजा होते, पण कधी, तर माल देणाऱ्याने स्वतःच्या जीएसटीआर-वनमध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, ते बिल दाखवलं असेल तेव्हाच. दाखवलेली बिलं पोर्टलवर टू-बी नावाच्या स्टेटमेंटमध्ये दर महिन्याच्या 14 तारखेला येतात. मग आपल्या परचेसची बिलं आणि टू-बी समोरासमोर ठेवून एकेक ओळ जुळवायची, जे बिल आपल्याकडे आहे आणि तिकडे नाही त्या पार्टीला फोन करायचा, जिथे रक्कम किंवा जीएसटी नंबर चुकलाय तो दुरुस्त करून घ्यायचा. 20 तारखेला थ्री-बी, म्हणजे कर भरायचं महिन्याचं रिटर्न, भरायचं असतं त्याच्या आत हे सगळं. तर या पोराने दर महिन्याला हे केलंय, आणि एकदा एका पार्टीने सलग दोन महिने बिलंच चढवली नव्हती ते त्याने पकडलं, मामांचे एकोणीस हजार क्रेडिट अडकलं होतं ते सोडवलं. हे तो मला असं सांगत होता जसं काही दुकानाचं शटर उघडायचो म्हणून सांगतोय.

ताई, रबाळे-महापेच्या एमआयडीसीत नाहीतर वागळे इस्टेटमध्ये जो छोटा कारखानदार अकाउंट्स असिस्टंट शोधतोय ना, त्याला नेमकं हेच हवं असतं. त्याला तुमच्या मुलाची उंची नकोय, मॅचिंग येणारा माणूस हवाय, आणि तो अशा सीव्हीच्या ढिगातून एकेकावर अर्धा मिनिटसुद्धा घालवत नाही. तेव्हा हे काम पहिल्याच पानावर, नाव-नंबरच्या खाली लगेच आलं पाहिजे, शिक्षणाच्याही आधी. असं काहीतरी: अकाउंट्स असिस्टंट, होलसेल धान्य दुकान, जांभळी नाका, ठाणे, जुलै 2024 ते मे 2025. त्याखाली तीन-चार ओळी, टॅलीमध्ये रोज 40 ते 50 सेल्स बिलं, पार्टीवाइज उधारीचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये, दर महिन्याला टू-बी आणि परचेस रजिस्टरचं मॅचिंग, सप्लायरने न दाखवलेली बिलं पाठपुरावा करून चढवून घेतली, 19,000 रुपयांचं अडकलेलं क्रेडिट मिळवलं. प्रत्येक ओळीत काम काय केलं ते आणि जमेल तिथे आकडा. आकडा खराच टाकायचा, कारण इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न त्यावरच येणार, आणि तो आला तर बरंच आहे, तिथे पोरगा पाच मिनिटं अस्खलित बोलेल, मी ऐकलंय.

दुकान मामाचं आहे हे लपवायचं नाही आणि सीव्हीत मुद्दाम लिहायचंही नाही, विचारलं तर सांगायचं. मामांना म्हणावं दुकानाच्या लेटरहेडवर, जीएसटी नंबरसकट, चार ओळींचं पत्र द्या की अमुक ते अमुक याने हे काम केलं. पीएफ नव्हता, ठीक आहे, वीस माणसं नसलेल्या दुकानाला पीएफ बहुतेक वेळा लागूच नसतो, त्यात लाजायचं काय. हे पत्र खरंय आणि फुकट आहे, तुमच्या त्या पाच हजारवाल्यापेक्षा दहापट कामाचं.

दुसरं, एकच सीव्ही सगळीकडे टाकलाय ते बंद करा. ऐरोलीच्या मोठ्या आयटी पार्कमध्ये बँकांचे, परदेशी कंपन्यांचे फायनान्स प्रोसेस चालतात, तिथल्या जाहिरातीत टू-बी शब्द दिसणार नाही, तिथे इनव्हॉइस प्रोसेसिंग, अकाउंट्स पेएबल, व्हेंडर रिकन्सिलिएशन असं लिहिलेलं असतं. ताई, ते बरंचसं हेच आहे हो, दोन याद्या जुळवायच्या आणि फरक कुठे आला ते शोधायचं. तर त्या सीव्हीत आपल्या खऱ्या कामाला त्यांच्या जाहिरातीतले शब्द वापरायचे, कारण मोठ्या ठिकाणी आधी सॉफ्टवेअर सीव्ही चाळतं आणि ते शब्द शोधतं. त्याच सॉफ्टवेअरमुळे ती बॉर्डर, दोन कॉलमचं डिझाइन, स्किलच्या पुढे पाचपैकी चार स्टार, हे सगळं नको, त्यात वाचताना गडबड होते. आणि तुम्ही पाठवलेली फाइल म्हणजे प्रिंटचा मोबाइलवर काढलेला फोटो आहे, त्यातला मजकूर बऱ्याच ठिकाणी वाचलाच जात नसेल. साधं वर्ड, एक कॉलम, एक पान, तिथूनच पीडीएफ करायची आणि फाइलला स्वतःचं नाव द्यायचं, 'न्यू सीव्ही फायनल टू' नाही.

एटीकेटीचं, म्हणजे त्या अडकलेल्या विषयाचं, तुम्हाला फार टेन्शन आहे असं पत्रावरून वाटलं. सीव्हीत एवढंच, बीकॉम, मुंबई युनिव्हर्सिटी, 2025, आणि मार्कशीटवर जो सीजीपीए आहे तो. ओढूनताणून टक्केवारी करू नका. वर्ष का गेलं याचं स्पष्टीकरण सीव्हीत नाही द्यायचं, विचारलं तर एका वाक्यात, एक विषय राहिला होता, तो काढला आणि तेवढ्यात हे काम केलं. मुंबई युनिव्हर्सिटीत एटीकेटी लागलेला हा काही पहिला नाही, समोर बसलेल्यालाही लागलेली असू शकते.

पत्ता पूर्ण नको, फक्त खारेगाव, कळवा, ठाणे. पण तेवढं लिहाच, ऐरोली-रबाळेवाल्यांना माणूस जवळचा असला की बरं वाटतं, ठाण्याला गाडी बदलली की पोचला.

आणि आता शेवटचं, जे मला फोन केल्यावर कळलं. सीव्हीवर जो मोबाइल नंबर आहे तो तुमचा आहे! मी तीनदा लावला तेव्हा तुम्ही उचललात आणि पहिलं वाक्य काय, तर 'आम्ही अनोळखी नंबर उचलत नाही हो, लोनवाले असतात'. ताई, कंपन्यांच्या एचआरचा नंबर अनोळखीच असणार ना, बऱ्याचदा तर लँडलाइनचा. ऐंशीतले किती फोन असे वाजून गेले कोण जाणे. हसत नाहीये मी, 1998 साली माझ्या स्वतःच्या सीव्हीवर शेजारच्यांचा पीपी नंबर होता, आणि एका कंपनीचा निरोप त्या काकूंनी मला आठ दिवसांनी दिला, तोही हळदीकुंकवाला आईची भेट झाली तेव्हा आठवलं म्हणून. जागा तोवर भरली होती. तेव्हा नंबर चिरंजीवांचा, ई-मेल आयडी त्याच्या सरळ नावाचा, आत्ताचा तो रॉकस्टारवाला नको, आणि सकाळी दहा ते सहा फोन सायलेंटवर नाही.

नवीन सीव्ही रविवारपर्यंत पाठवा, मी बघून देतो. पण एक अट आहे, यावेळी टाइप त्यानेच करायचं, मेलपण त्यानेच करायचा, तुम्ही नाही. आणि जुना मोबाइल असेल तर त्यातले गेल्या चार महिन्यांतले मिस्ड कॉल एकदा खालपर्यंत बघून घ्या, झीरो टू टूने सुरू होणारे, म्हणजे इकडच्या लँडलाइनचे.