सहा घरटी, शेकरू एकही नाही

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही चौघं पुण्याहून भीमाशंकरला गेलो होतो. मुलीला शेकरू दाखवायचा होता. देवळामागच्या रानात भर दुपारी दोन तास फिरलो. झाडांवर सहा घरटी मोजली, पण शेकरू एकही दिसला नाही. घरटी ओस पडली आहेत का? शेकरू संपत आले का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : घरट्यांवरून तसं म्हणता येणार नाही. भर दुपारी गेलात, इथेच गणित चुकलं. शेकरू दिवसा वावरणारा खरा, पण त्याची लगबग सकाळी आणि ऊन कलल्यावर. मधल्या वेळात तो फांदीवर पोट टेकून पसरलेला असतो. मी स्वतः एकदा त्याच्याच झाडाखाली बसून डबा खाल्लाय. वर बघायचं सुचलं ते पोळी-भाजी संपल्यावर, पानांतून लोंबणारी शेपूट हलली तेव्हा!

आता घरटी. एकच शेकरू अनेक घरटी बांधतो. एखादं पिलांसाठी, बाकीची झोपायला. म्हणजे तुमची सहाही एकाच मालकाची असू शकतात. डहाळ्या-पानांचा हा मोठा गोळा तो बारीक फांद्यांच्या बेचक्यात बांधतो, जड शिकारी तिथवर येऊ नये म्हणून. पानं हिरवी होती की वाळकी, ते पाहिलंत का? हिरवी असतील तर बांधकाम ताजं.

काळजी करायचीच तर झाडांची करा. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतो. त्याची उडी सहा मीटरपर्यंत जाते, पण त्याहून रुंद मोकळी पट्टी पडली की त्याचा रस्ता तिथेच तुटतो. १९८५ साली इथे अभयारण्य झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी. राज्यप्राण्याचा मानही त्याचाच. पण त्याला लागतात एकमेकांत शिरलेल्या फांद्या.

पुढच्या वेळी मुक्काम करा, उजाडताच रानात शिरा आणि फिरू नका, एका जागी उभे राहा. आधी कान लावा : खुळखुळा वाजवल्यासारखी खरखर येते, नाहीतर टरफलं टपटप पडतात. नशीब असेल तर तो मागच्या पायांवर उलटा लटकून, पुढच्या दोन पायांत फळ धरून खाताना दिसेल. शेपूट फांदीपलीकडे तोलाला. बिस्किटांचा पुडा मात्र गाडीतच राहू द्या. देवळापाशी माकडं आहेतच त्यावर टपलेली.