स्टॅव्हेंजरला मुलांना घेऊन येताय? बार्नेव्हॅर्नबद्दल माझा अनुभव

तुम्ही विचारलंय की नवऱ्याला स्टॅव्हेंजरला नोकरी मिळतेय, मुलं सहा आणि अडीच वर्षांची, आणि सासूबाई म्हणतायत, "नॉर्वेत हाताने भरवलं तरी पोरं उचलून नेतात, जाऊ नका." मी अकरा वर्षं बर्गनला आहे, दोन्ही मुलं इथेच वाढली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सासूबाईंनी ऐकलेली गोष्ट २०११ची, आणि नेमकी स्टॅव्हेंजरचीच. एका बंगाली कुटुंबाची दोन मुलं बार्नेव्हॅर्नने, म्हणजे इथल्या बालसंरक्षण खात्याने, काढून घेतली. प्रकरण थेट परराष्ट्र मंत्रालयापर्यंत गेलं आणि २०१२मध्ये मुलं काकांच्या ताब्यात भारतात परतली. हाताने भरवणं, मुलांना जवळ घेऊन झोपणं यावर आक्षेप होता, असं पालकांचं म्हणणं. संस्कृतीमुळे मुलं काढली नाहीत, असं खात्याचं. पण गोपनीयतेच्या नियमाकडे बोट दाखवून त्यांनी तपशील दिले नाहीत. आपल्याकडे पोचली ती एवढीच अर्धी गोष्ट. मी दोघांना वरणभात हातानेच भरवलाय, नर्ससमोरसुद्धा. कोणी काही बोललं नाही.

मारणं मात्र वेगळं. मुलांवर हात उगारण्यावर बंदी घालणारा पहिला देश स्वीडन, १९७९ साली. नॉर्वेने १९८७मध्ये तोच कित्ता गिरवला. इथे 'एक चापट मारली तर काय झालं' ही सबब चालत नाही. आमचा धाकटा चार वर्षांचा असताना बार्नेहागेत, म्हणजे बालवाडीत, सांगून आला की मम्मा पाठीत 'बोल्ले' देते. बोल्ले म्हणजे गोड पाव. आमच्या घरातल्या धम्मकलाडूचं त्याने आपल्या परीने भाषांतर केलं होतं! दुसऱ्या दिवशी बाईंनी मला बसवलं, कॉफी दिली आणि शांतपणे विचारलं, "हे बोल्ले म्हणजे नक्की काय?" मला हसू येत होतं आणि तळहाताला घामही फुटला होता. मी खरं ते सांगितलं: बहुतेक वेळा गंमत, दोनदा रागाने. त्या म्हणाल्या, रागाचं पुन्हा नको, आणि पालकांच्या मार्गदर्शन वर्गाचा कागद हातात ठेवला. लपवलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. गंभीर शंका आली तर बार्नेव्हॅर्नला कळवणं हे त्यांच्यावर कायद्याने बंधनकारकच आहे.

तक्रार गेलीच, तर आठवड्याच्या आत तिची छाननी होते आणि चौकशी साधारण तीन महिन्यांत संपवावी लागते. बहुतेकदा त्यातून घरच्या घरी मदत किंवा मार्गदर्शनच निघतं. दुभाषा मागून घ्या, नवऱ्याचं इंग्रजी कितीही फर्डं असलं तरी. प्रत्येक बैठकीचं टिपण मागा, वाचा, चूक असेल तर लेखी कळवा. प्रकरण मूल काढून घेण्यापर्यंत गेलं तर वकील सरकारी खर्चाने मिळतो.

हे खातं साधुसंत आहे असं मी म्हणणार नाही. मूल दुसऱ्या घरी ठेवलं की आईबापांना वर्षातून मोजक्याच भेटी द्यायच्या, हा इथला जुना खाक्या. त्यावरून स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने नॉर्वेला २०१९मध्ये फटकारलं. २०२१मध्ये एका सोमाली मुस्लीम आईच्या बाजूने निकाल दिला. तिचं मूल ख्रिस्ती घरात वाढवलं जात होतं. मधल्या काळात, २०२०मध्ये, इथल्या सर्वोच्च न्यायालयानेही भेटींबाबतची भूमिका बदलली. २०२३पासून बालसंरक्षणाचा नवा कायदा लागू आहे. तुम्ही येताय ते या बदलांनंतर, २०११च्या स्टॅव्हेंजरला नाही.

मला सगळ्यात आवडतं ते इथलं 'बार्नेहूस'. अत्याचाराची शंका असलेल्या मुलाला पोलीस ठाण्यात नेत नाहीत. घरासारख्या खोलीत प्रशिक्षित माणूस त्याच्याशी बोलतो आणि बाकीचे शेजारच्या खोलीत पडद्यावर ऐकतात, म्हणजे तेच तेच दहा जणांना सांगायला लागत नाही. ही कल्पना मूळ अमेरिकेची. आइसलँडने १९९८मध्ये उचलली, नॉर्वेने २००७मध्ये. तसंच 'फॅमिलीरोड': नातेवाईकांनी एकत्र बसून मुलासाठी तोडगा काढायचा. ही रीत न्यूझीलंडच्या माओरींकडून आली, तिथल्या कायद्यात १९८९पासून आहे. आजी, मामा, आत्या यांनी मिळून ठरवायचं, हे आपल्याला नवीन थोडंच आहे! वेळ आलीच तर तुम्हीच आपणहून सुचवा आणि सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर घेता येईल का, ते विचारा.

आल्यावर लगेच हेल्सेस्ताशूनला, म्हणजे मुलांच्या आरोग्य केंद्रात, नाव घाला, फुकट आहे. दोघांची लसीकरणाची कार्डं सामानात टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. पहिल्याच भेटीत लागतात.