सहा मतदार आणि शंभर टक्के मतदान

प्रश्न : अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात डिक्सव्हिल नॉच नावाची एक चिमुकली वस्ती आहे. तेथे अध्यक्षपदासाठी मध्यरात्रीच मतदान होते, एकूण एक मतदार मत देतो आणि काही मिनिटांत निकालही लागतो, असे वाचनात आले. उरलेल्या अमेरिकेला जे साधत नाही, ते या लोकांना कसे साधते? तसेच या वस्तीच्या कौलावरून देशाचा कल ओळखता येतो का?
— एक वाचक

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘एकूण एक मतदार’ म्हणजे किती माणसे, हे आधी पाहू. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये डिक्सव्हिल नॉचमध्ये सहा जणांनी मते दिली आणि तेवढेच तेथील मतदार होते. शंभरापेक्षा कमी रहिवासी असलेल्या गावाला मध्यरात्री मतदान सुरू करण्याची आणि यादीतील शेवटच्या मतदाराने मत दिले की केंद्र बंद करण्याची मुभा न्यू हॅम्पशायरचा कायदा देतो. एक जरी मतदार राहिला, तरी केंद्र बंद करून लगेच निकाल जाहीर करता येत नाही. म्हणजे शंभर टक्के मतदान हे या प्रथेचे फळ नसून तिची अटच आहे. साहजिकच त्या रात्री कोण आले आणि कोण यायचे आहे, याकडे शेजाऱ्यांचे लक्ष असते.

प्रथेचा उगम मात्र व्यवहारातला आहे. याच राज्यातील हार्ट्स लोकेशन येथे १९४८ मध्ये मध्यरात्रीचे मतदान झाले, ते रेल्वेच्या कामगारांना नेहमीच्या मतदानाच्या वेळेआधीच कामावर हजर व्हावे लागे म्हणून. पुढे तेथील लोक या गाजावाजाला कंटाळले. १९६४ मध्ये त्यांनी प्रथा सोडली आणि १९९६ मध्ये ती पुन्हा सुरू केली. डिक्सव्हिल नॉचमध्ये १९६० साली बाल्सम्स या हॉटेलचे मालक नील टिलॉटसन यांच्या पुढाकाराने ती रुजली. प्रसिद्धीचा हॉटेलला तोटा झाला नसावा, एवढे म्हणायला हरकत नाही.

टक्केवारीची तुलना करताना आणखी एक गफलत होते. २०२० मध्ये अमेरिकेत सुमारे ६६ टक्के मतदान झाले, असे आपण वाचतो, तेव्हा तो आकडा मतदानास पात्र असलेल्या सर्व नागरिकांच्या प्रमाणात काढलेला असतो आणि ज्यांनी नावच नोंदवलेले नाही तेही त्यात धरलेले असतात. डिक्सव्हिलचे शंभर टक्के मात्र यादीतील नावांच्या प्रमाणात आहेत. हा फरक किरकोळ नाही, कारण अनेक राज्यांत नोंदणीसाठी नागरिकालाच खटपट करावी लागते, आणि घर बदलले की ती अनेकदा नव्याने करावी लागते. नॉर्थ डकोटात मतदार नोंदणीच नाही, तर न्यू हॅम्पशायरमध्ये मतदानाच्या दिवशीही नाव नोंदवता येते. शिवाय अध्यक्ष निवडायचा नसतो त्या वर्षी उत्साह ओसरतो. २०२२ च्या मध्यावधी, म्हणजे अध्यक्षाच्या कार्यकाळाच्या मध्यात होणाऱ्या संसदेच्या, निवडणुकीत देशातील प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास होते.

आता कलाविषयी. देशाचा अंदाज बांधण्यासाठी ही वस्ती निरुपयोगी आहे. १९६० मध्ये तिने रिपब्लिकन पक्षाच्या निक्सन यांना ९ आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या केनेडी यांना शून्य मते दिली, आणि केनेडी निवडून आले. १९६८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या हम्फ्री यांना ८ आणि निक्सन यांना ४ मते पडली, आणि या खेपेस निक्सन जिंकले! २०१६ मध्येही तेथे क्लिंटन पुढे होत्या.

वस्तीचा स्वतःचा कल बदलला का, हा प्रश्न अधिक रंजक आहे. १९६८ नंतर डेमोक्रॅटिक उमेदवाराला तेथे आघाडी मिळाली ती थेट २००८ मध्ये, ओबामा १५ आणि मॅकेन ६ अशी. २०१२ मध्ये दोन्ही बाजूंना पाच-पाच मते पडली. मते बदलली असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु मतदारच २१ वरून १० वर आले होते, कारण मधल्या काळात, २०११ मध्ये, हॉटेल बंद पडले आणि त्याच्या आधाराने राहणारी माणसे निघून गेली. अशा ठिकाणी एक कुटुंब सामान आवरून गेले की गावाचा ‘राजकीय कल’ बदलतो, मग कोणाचे विचार बदललेले असोत वा नसोत.

मतदार यादीत नावासोबत नोंदवलेल्या पक्षावरूनही ठोकताळा बांधता येत नाही. २०२४ च्या जानेवारीत येथील सहा मतदारांपैकी चार रिपब्लिकन होते आणि दोघांनी कोणताच पक्ष नोंदवलेला नव्हता. अशा मतदारालाही या राज्यात प्राथमिक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठीच्या, निवडणुकीत कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका घेता येते. रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीत सहाही मते निकी हेली यांना गेली, ट्रम्प यांना एकही नाही. नोव्हेंबरमध्ये मात्र हॅरिस आणि ट्रम्प यांना प्रत्येकी तीन मते पडली.

इतक्या लहान यादीत गुप्त मतदानाचे काय होते, हे आपण विचारलेले नाही, पण मला ते सर्वांत विचार करण्याजोगे वाटते. २०२० मध्ये पाचही मते बायडेन यांना पडली, तेव्हा निकाल जाहीर होताच प्रत्येकाचे मत उघड झाले. २०२४ च्या बरोबरीमुळे निदान कोणाचे मत कोणाला गेले, हे नुसत्या आकड्यांवरून सांगता येत नाही.